जत्रांचा तक्ता

मी चोविसाव्या वर्षी सुपरवायझर झालो, म्हणून मला माणसांतलं काही कळत होतं असं कुणी समजू नये. साठ साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. साताऱ्याहून डिप्लोमाचा कागद घेऊन मी सांगलीला आलो आणि गावाबाहेरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मालकांनी मला एक टेबल, एक डुगडुगणारी खुर्ची आणि तीस माणसं दिली. आम्ही लोखंडी नांगर आणि उसाचे चरक बनवायचो.

मालकांचं दुखणं एकच होतं. चैत्र लागला की कारखाना ओस पडायचा. आमच्याकडे गावागणिक जत्रा. आज ह्या गावची पालखी, परवा त्या गावची, मध्येच कुठं कुस्त्यांचं मैदान. जत्रेला न गेलेला माणूस वर्षभर भावकीचे टोमणे खातो, त्यामुळे रजा मिळो न मिळो, तो जाणारच. आणि पावसाआधी नांगर तयार व्हायचे तेही नेमके ह्याच दिवसांत. मालक मला म्हणाले, ह्या चैत्रात भट्टी एक दिवस जरी थंड राहिली तर तुम्ही साताऱ्याची गाडी धरा.

माझ्या आधीचा सुपरवायझर अशा वेळी पगार कापायचा. मग काय, दर चैत्रात एकेकाची आजी दोन-दोनदा वारायची. मी ठरवलं, आपण डोकं चालवायचं. एकेकाला बोलावून त्याचं गाव विचारलं, जत्रेची तिथी विचारली, पंचांग उघडून तारखा काढल्या आणि भिंतीवर भलामोठा तक्ता लावला. कोण कधी जाणार आणि त्याच्या जागी कोण उभा राहणार, सगळं त्यात. साहेब आपणहून जत्रेची सुट्टी देतोय म्हटल्यावर माणसं चाटच पडली. एकही आजी मेली नाही आणि भट्टी रोज पेटली. मालक पाहुण्यांना आणून तो तक्ता दाखवायचे आणि मी शेजारी उगाच पेन्सिलीला टोक काढत उभा राहायचो. काय तो माझा रुबाब!

खरं सांगायचं तर तो सगळा तक्ता एका माणसाच्या पाठीवर उभा होता. भट्टी सांभाळणारा, कुंडलकडचा, चाळिशीचा, बोलायला महाकंजूष. छप्पन्न सालानंतर त्याचं घर बौद्ध झालेलं, त्यामुळे गावचा देव सुटला आणि जत्राही सुटली. मी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता की मला जत्रा न्हाई. झालं! मी त्याच्या नावापुढे आडवी रेघ ओढली आणि ज्याची जत्रा असेल त्याच्या जागी ह्याला उभा करत गेलो. चारचौघांत त्याची तारीफही करायचो, की असा माणूस लाखात एक. तारिफेला काय लागतंय?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो टेबलापाशी आला. चौदा तारखेला सुट्टी पायजे हुती, म्हणाला. त्या दिवशी एका मोठ्या गावची जत्रा होती, सहा माणसं जाणार होती आणि नांगरांचं मोठं ओतकाम निघालेलं. मी तक्त्यातून मान वर न काढताच विचारलं, तुझ्या गावची जत्रा आहे का? तो नाही म्हणाला. मग त्या दिवशी तूच पाहिजेस, असं मी सांगून टाकलं. तो बरं म्हणाला आणि भट्टीकडे गेला.

चौदा तारखेला तो वेळेवर हजर. दुपारी डबे उघडले तेव्हा आमचा म्हातारा मिस्त्री, फौजेतून पेन्शन घेऊन आलेला, सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"साहेब, समद्यांच्या देवाची तारीख इचारलीसा. ह्याला कवा इचारलं? आज जयंती हाय."

मग त्यानं सगळंच सांगितलं. सहा वाजता कुंडलकडे त्यांच्या वस्तीत सभा होती. ह्याची चौथीतली पोरगी पहिल्यांदा भाषणाला उभी राहणार होती. त्या घरात शाळेचं तोंड बघितलेलं हे पहिलंच माणूस, आणि बापानं तिला शब्द दिला होता की मी पुढं बसणार.

मी डबा झाकून ठेवला. चौदा एप्रिल काय असतं हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? कॅलेंडर माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं. पण जत्रा नाही म्हणजे ह्या माणसाला सणच नाही, असं मी खुशाल धरून चाललो होतो. गाढव होतो मी, दुसरा शब्द नाही.

तसाच उठलो आणि त्याला म्हटलं, तू आत्ताच्या आत्ता नीघ. तो माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "रस तयार झालाय साहेब. आता टाकून कसं जायचं?"

तेही खरंच होतं. वितळलेलं लोखंड कुणासाठी थांबत नाही. मग मी कोट काढला आणि रस ओतायच्या लांब पळीचा दुसरा दांडा धरला. ते काम मी कागदावर शिकलो होतो, हातानं पहिल्यांदाच करत होतो. मिस्त्री मला शिकाऊ उमेदवारासारखं झापत होता, माझ्या बुटाचं टोक जळालं, पोरं तोंड फिरवून हसत होती. साडेचारला शेवटचा साचा भरला. कुंडलच्याच वाटेनं पलूसकडे जाणारा नांगरांचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचा होता, तो मी तेव्हाच काढायला लावला आणि आम्ही दोघं त्यात चढलो. मालकांना विचारलं नाही. म्हटलं, फार तर साताऱ्याची गाडी धरू.

भरलेला ट्रक रडतखडत चालला होता. तासगाव मागं पडलं तेव्हा मी म्हणालो, चुकलं माझं. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, तुमी इचारलं न्हाई, मीबी बोललो न्हाई.

पोचलो तेव्हा कंदील लागत होते आणि मांडवाचे बांबू सोडायला घेतले होते. सभा संपली होती. पोरगी नव्या फ्रॉकात चौथऱ्याच्या कडेला बसलेली. बापाला बघून तिनं तोंड फिरवलं. वस्तीतली वडीलधारी माणसं जमली, तसं ह्यानं मला पुढं केलं आणि म्हणाला, "ह्ये आमचं साहेब. ह्येंनी गाडी काढली, न्हाईतर आज येणं हुत न्हवतं."

कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला. लाजेनं मला मान वर करवेना.

म्हाताऱ्यांनी पोरीला समजावून पुन्हा चौथऱ्यावर उभं केलं. बांबू सोडणारे हात थांबले. तिनं सुरुवात केली, चार-पाच वाक्यं ठणठणीत बोलली आणि बापाकडे नजर जाताच अडली. ओठ थरथरायला लागले. आता ही रडणार, असं वाटतंय तोवर माझ्या शेजारून हळू आवाजात पुढचं वाक्य आलं. मी चमकून बघितलं. पगाराच्या वहीत अंगठा उठवणारा हा माणूस, तोंडाला काजळी, डोळे पोरीवर, एक शब्द न चुकता म्हणत होता. तिनं ते वाक्य उचललं. पुढचं त्यानं सांगितलं, तेही तिनं उचललं, आणि मग दोघांनी मिळून ते भाषण शेवटपर्यंत म्हटलं.