टीचरची पदवी

"पूर्ण वाक्यात सांगा," असं म्हणून टीचर टेबलावर पेनाने दोनदा टकटक करायच्या. विद्यार्थ्यांपुढेच नव्हे, चहावाल्यापुढेही. तो नुसतं "दोन?" म्हणाला की त्या गप्प बसायच्या. शेवटी तो बिचारा म्हणायचा, "टीचर, तुम्हाला दोन चहा हवेत का?" मग त्या समाधानाने मान हलवायच्या.

नालासोपाऱ्यातल्या एका छोट्या क्लासमध्ये मी गणित शिकवायचो आणि त्या इंग्रजी. भुईगावहून स्कूटरवर यायच्या. तुम्हीही असे शिक्षक पाहिले असतील, ज्यांच्या तासाला मागच्या बाकावरचा मुलगाही आपणहून हात वर करतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचे वडील अंथरुणाला खिळले आणि कॉलेज सुटलं. कुणी विचारलंच तर त्या एवढंच म्हणायच्या, "राहिलं ते राहिलंच."

पुढे मालकांनी बाहेरच्या फलकावर शिक्षकांच्या नावांसमोर पदव्या रंगवून घेतल्या. टीचरच्या नावासमोरची जागा मोकळी राहिली. पुढच्या महिन्यात त्यांचं नावच पुसलं गेलं. मी मालकांशी बोलणार होतो. बोललो नाही.

विरारच्या एका एजंटाने त्यांना सांगितलं, व्हिएतनाममध्ये इंग्रजी येणाऱ्या माणसाला मागणी आहे, पदवी कुणी विचारत नाही. ऑनलाइन कोर्सचं एक प्रमाणपत्र घेऊन, चाळिशी ओलांडलेल्या टीचर पहिल्यांदा विमानात बसल्या.

सुरुवातीला त्यांचे फोन यायचे. "सर, साठ मुलं आहेत. माझं नाव एकालाही धड घेता येत नाही, पण मी वर्गात आले की सगळी एकदम उठतात." इतक्या मोकळ्या आवाजात त्या क्लासमध्ये कधी बोलल्या नव्हत्या.

चार महिन्यांनी दुपारी असाच फोन आला. आवाज दबलेला होता.

"सर, तुमच्या पदवीच्या कागदाचा फोटो पाठवता?"

"कशाला हो, टीचर?"

"नुसता बघायचाय."

माझी पदवी फ्रेम करून समोरच्या भिंतीवर टांगलेली होती. पण मनात शंका आली. टीचर माझ्या कागदावरून खोटा कागद करून घेतील, उद्या माझं नाव यात येईल. मी म्हणालो, "शोधून पाठवतो."

त्यांनी पुन्हा मागितला नाही. मीही पाठवला नाही.

दीड महिन्याने त्या परत आल्याचं कळलं. मी भुईगावला गेलो. त्या पडवीत आईचे पाय चेपत बसल्या होत्या. मला खुर्ची दिली, सरबत आणलं, आणि मग सांगितलं. तिथल्या शाळेने कामाच्या परवान्यासाठी पदवी मागितली होती. एजंटाने इथून एक कागद पाठवला. म्हणाला, तुमची दोन वर्षं धरून विद्यापीठाने खास सोय केली आहे.

"मला वाटलं, खरं असेलही. दोन वर्षं तर मी शिकलेच होते ना. पण खात्री करायला खरी पदवी पाहिलेली नव्हती. म्हणून तुमच्याकडे फोटो मागितला. ताडून बघणार होते."

"मग?"

"शाळा थांबेना. दिला तोच कागद. खोटा निघाला. त्यांनी दोन दिवसांत परत पाठवलं. मुलांना काय सांगितलं असेल, देव जाणे."

मला बरंच काही सांगायचं होतं. मी म्हणालो, "सापडलाच नाही मला तो कागद."

"असू दे, सर," त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्या मस्कतला गेल्या, एका घरी मुलं सांभाळायला. नाताळच्या आधी मी त्यांच्या आईला भेटायला गेलो होतो.

"बऱ्या आहेत ना टीचर, मावशी?" मी विचारलं.

"बरी आहे. पोरं चांगली आहेत म्हणते. इंग्रजी शिकवायला संध्याकाळी दुसरी बाई येते, शिकलेली. ती असेपर्यंत हिने आत थांबायचं."

"आत काय करतात त्या?"

"कपड्यांना इस्त्री करते," मावशी म्हणाल्या. "दार थोडं उघडं ठेवते म्हणाली. पोरं चुकलेली ऐकू येतात तिला."