किल्ल्यावरचा बघण्याचा कार्यक्रम

ताईला बघायला येणाऱ्यांनी आमच्या घरी पोहे खायला यायचं नाकारलं, तिथून सगळं बिनसलं. निरोप आत्याने आणला होता. मुलगा मुंबईला गोदीत कारकून, घर सावर्ड्याकडचं, मे महिन्याच्या रजेवर आलेला. त्याच्या आईला म्हणे किल्ल्यावरच्या भगवतीची ओटी भरायची होती. तेव्हा रविवारी सकाळी सगळे किल्ल्यावरच भेटू, मुलगीही तिथेच बघू, असं त्यांचं म्हणणं. आत्या खुशीत होती. आईच्या हातातला कालथा मात्र तसाच राहिला.

ताई दोन वर्षांची असताना तापात तिचा डावा पाय अधू झाला. तो बारीक आणि आखूड राहिला, आणि चालताना ती त्या बाजूला झुकायची. चांभाराकडून त्या पायाच्या चपलेला जाड तळ लावून घेतलेला असे. आधीची सगळी स्थळं ती पोह्यांची बशी घेऊन माजघरातून ओटीवर येईपर्यंतच टिकली होती. म्हणून या वेळी आत्याने मुलाकडच्यांना पायाचं काही सांगितलंच नव्हतं. कोणी विचारत नाही तोवर आपण होऊन सांगायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"त्यांच्या कानावर गेलंय," आई म्हणाली. "तिला चढवून बघायचीय त्यांना."

आत्याने शपथेवर सांगितलं, तसं काही नाही. मला मात्र आईचं पटलं. बैल घेतानासुद्धा आधी चार पावलं चालवून बघतात, असं मी बोलून गेले आणि बाबांनी मला गप्प बसवलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. ताई तांदूळ निवडत होती. 

त्या दिवसापासून घरात किल्ल्यावर जायचा बेत शिजायला लागला. बेत आईचा. आपण उजाडताच रिक्षाने पायथ्याशी जायचं, पाहुणे यायच्या आत ताईला हळूहळू वर न्यायचं आणि देवळात बसवायचं. पाहुणे आले की तिने बसल्या जागेवरून प्रसाद द्यायचा. बघून झालं की ओटीचं निमित्त करून आपण मागे राहायचं आणि त्यांना पुढे उतरू द्यायचं. म्हणजे ती चालताना कोणाला दिसायलाच नको.

"आणि लग्न झाल्यावर काय, जन्मभर बसवूनच ठेवायची?" बाबांनी विचारलं.

एकदा अक्षता पडल्या की पुढचं पुढे, असं आई म्हणाली. बाबा म्हणाले, ही फसवणूक आहे. आई म्हणाली, मग तुम्ही आणा दुसरं स्थळ. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनात. जेवायला वाढलंय, हेसुद्धा मी सांगायचं. इतकं कोंदट घर मी पुन्हा कधी पाहिलं नाही. शेजारीण मीठ मागायला आली तरी आईला वाटे, हिला काहीतरी कळलंय म्हणून आलीय.

तरी चार पावलं चालावं लागलंच तर म्हणून संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात तालीम चालायची. नऊवारीसारख्या घोळाची जड साडी नेसवून आई ताईला इकडून तिकडे चालायला लावी. पदर असा घे, पाय असा टाक, त्या बाजूचा हात पोटाशी धर म्हणजे झोक कमी दिसतो. मला ते बघवत नसे. मी आत जाऊन भांडी आपटायची. ताई सांगितलं तसं मुकाट्याने चालायची आणि मध्येच मला काहीतरी वेगळंच विचारायची.

"वरून मांडवी दिसते काय गो? आपलं घर दिसत असेल?"

मी शाळेच्या सहलीला दोनदा किल्ल्यावर जाऊन आले होते. ताई कधीच गेली नव्हती. आम्ही मांडवीला राहायचो, दारातून बाहेर पडलं की किल्ला समोर. पण दर सहलीला तिला हेच सांगितलं गेलं की तुला झेपायचं नाही, आणि हातावर लाडू ठेवून घरी बसवलं गेलं. आता आम्ही साडी, रिक्षा आणि खोटं यांच्या विवंचनेत होतो, आणि ती विचारत होती की दीपगृह जवळून किती उंच वाटतं, समुद्र तिन्ही बाजूंनी दिसतो ते खरं का. मी तुटकपणे उत्तरं दिली. त्या वेळी मला तिचा रागच आला होता.

रविवारी रिक्षा दारात उभी राहिली तरी ताईची वेणी होईना. एकदा घातलेली तिने सोडली आणि पुन्हा घातली. आई रडकुंडीला आली. शेवटी ताई बाहेर आली ती रोजची साधी पाचवारी साडी नेसून आणि जाड तळाची चप्पल घालून. बदलायला आता वेळ नव्हता.

व्हायचं तेच झालं. पायथ्याशी पोचलो तर पाहुणे येऊन थांबलेले. मुलगा, त्याचे आईवडील आणि आत्या. नमस्कार झाले. आई ताईच्या पुढे उभी राहिली. ताई तिला वळसा घालून, आहे तशी चालत मुलाच्या आईसमोर गेली.

"माझा पाय लहानपणी तापात अधू झाला," ती म्हणाली. "मी चढते, पण वेळ लागतो."

मुलाच्या आईने ताईच्या पायाकडे पाहिलं, मग आत्याकडे. आत्या खाली बघत होती. उन्हं चढायच्या आत ओटी भरायला हवी, तर आम्ही पुढे होतो, असं ती बाई म्हणाली आणि निघाली. नवरा मागोमाग. मुलगा घुटमळला, काही बोलेल असं वाटलं, पण त्याच्या आईने वळून पाहिलं तसा तोही गेला. आत्या त्यांची समजूत घालत पाठोपाठ. रीतसर नकार आठवड्याने आला. आम्हाला तो तिथेच कळला होता.

आई रस्त्याकडेच्या चिऱ्यावर बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मला तिचा राग आला आणि दयाही आली. बाबा रिक्षावाल्याला थांबवायला निघाले.

"रिक्षा जाऊ दे, बाबा," ताई म्हणाली. "त्यांनी मला बघितली. आता मला किल्ला बघू दे."

ओटीची पिशवी माझ्या हातात देऊन ती चढायला लागली. तिच्या मागून बाबा गेले, मग मी. थोड्या वेळाने आईही उठून आली. त्या चढणीवर ताईला कोणीच म्हणालं नाही की तुला झेपायचं नाही.