खाडीच्या अलीकडं

समुद्र बघायचा म्हणजे गाडीतून उतरायचं, पाय ओले करायचे, भेळ खायची आणि परत फिरायचं, एवढंच मला माहीत. तिथं चालायला म्हणूनसुद्धा जातात, हे मला आमच्या लेकीनं सांगितलं. तिची बँकेतली बदली कोकणात झाली आणि गेल्या हिवाळ्यात तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "आई, चिकलठाण्याच्या त्या घरात टीव्हीसमोर बसून गंजलात तुम्ही दोघं," म्हणाली. "इथं वनखात्याचं राखीव रान आहे. आधी झाडी, मग वाळूच्या टेकड्या, मग समुद्र. हळूहळू चालू."

मला गुडघे आणि आमच्या ह्यांना साखर, म्हणजे आम्ही चालून चालून किती चालणार? पण हे लगेच तयार. ह्यांची सगळी नोकरी पैठणच्या कालव्यावर गेलेली. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, कुठलं दार किती उचलायचं, ह्यातच केस पांढरे झाले. त्यामुळं पाण्याबद्दल कुणी काही सांगायला लागलं की हे त्याच्याकडं चष्म्यावरून बघतात.

सुरूच्या बनात तर लई बरं वाटलं बाई. खाली झाडांच्या काड्यांचा असा थर की गादीवरून चालल्यागत वाटावं. वर वारा घुमत होता, मला आपलं वाटायचं मागं जालना रोडच आहे आणि ट्रक चाललेत. ह्यांनी लेकीला तसं सांगितलंसुद्धा, "तुझ्या आईला जंगलात आणलं तरी ट्रकच ऐकू येतात." बनाच्या पुढं वाळूच्या टेकड्या लागल्या. तिथं एक पाऊल टाकावं तर अर्धं मागं घसरावं. गुडघ्यानं नको म्हटलं आणि मी शेवटच्या सुरूखाली बसकण मारली.

समोर खाली पाण्याचा एक उथळ पट्टा होता, आमच्या गल्लीएवढा रुंद. त्याच्या पलीकडं वाळूचा लांब उंचवटा, आणि त्याच्याही पलीकडं समुद्र. अलीकडचं ते पाणी म्हणजे खाडीचा फाटा, असं लेक म्हणाली. डबा गाडीतच राहिला होता, तो आणायला ती मागं निघाली. जाताना बजावून गेली, "आप्पा, इथंच बसा. भरती सुरू होतेय, खाली जाऊ नका."

आम्ही दोघांनी ऐकलं. पण भरती म्हणजे समुद्राच्या लाटा मोठ्या होतात आणि काठावर जरा वर येतात, एवढंच आमच्या डोक्यात. हे पाणी तर समुद्राच्या मागच्या अंगाला, डबक्यागत गप पडलेलं. ह्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि पँट दुमडायला घेतली.

"अहो, ती नको म्हणून गेलीय."

"अगं, घोट्याएवढं पाणी. ढग नाय, पाऊस नाय, वरती कुठं धरण नाय. वाढायला ते यायचं कुठून? आणि आलंच तर वरून येईल, दिसेल की."

मला पटलं. का पटू नये? आमच्याकडं पाणी वरूनच येतं. दारं उघडायची असली की आधी भोंगा वाजतो, गावागावांत निरोप जातो, बाया धुणं गोळा करून काठावर येतात. पाणी असं न सांगता, खालून, समुद्राकडून चढून येतं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितलेलं नाही.

हे पलीकडं गेले. उंचवट्यावर उभं राहून समुद्राकडं बघत राहिले, नव्या जावयाची गाडी बघावी तसे, दोन्ही हात कमरेवर ठेवून. मीही निवांत होते. मग माझ्या लक्षात आलं की पाण्यातली एक वाळकी फांदी उलटी चाललीय. समुद्राकडून आत. बघता बघता पट्टा दुप्पट झाला. काठावरचे दगड बुडाले, आवाज म्हणून नाही.

मी ओरडले. "अहो! या! पाणी!"

वारा समुद्राकडून होता. माझा शब्द माझ्याच तोंडावर आपटून मागं सुरूत जायचा. हे आपले पाठमोरे. वळले तेव्हा मधलं पाणी क्रांती चौकातल्या रस्त्याएवढं रुंद झालं होतं, आणि धावत होतं. हे काठाशी आले, वाकून बघितलं. आणि तुम्हाला सांगते, माणूस घाबरायच्या आधी नवल करत होता. पाणी उलटं कसं वाहतंय, ते बघत होता. मग पाय घातला. मांडीपर्यंत गेला, तसा काढला.

वाऱ्यामुळं झालं असं, की त्यांचं मला सगळं स्वच्छ ऐकू यायचं, माझं त्यांना काही नाही.

"काय करू? येऊ का?"

मी दोन्ही हात हलवले, नको म्हणून. पण लांबून हात हलवणं म्हणजे या असंच दिसतं ना हो!

"येऊ म्हणतेस?"

तेवढ्यात लेक डबा घेऊन पोचली आणि जागीच उभी राहिली. तिचं तोंड बघून मला कळलं की हे माझ्या समजण्यापेक्षा वाईट आहे. तिनं वनखात्याच्या चौकीवर फोन लावला. तिथला माणूस पळतच आला. ह्यांच्या पायाखालची जागा बघून म्हणाला, "वर वेल वाढलीय ना, तिथवर पाणी येत नाय. बसून राहिले तर काय धोका नाय. पाण्यात उतरले तर मात्र ओढून न्हेईल. पोहता येतं काय त्यांना?"

"विहिरीतसुद्धा नाही हो," मी म्हटलं.

"मग उतरू देऊ नका. पाणी थांबलं की होडी आत येईल. तोवर इलाज नाय."

उतरू देऊ नका. कसं? लेकीनं ओढणी हलवली, ती खाली बसून दाखवायला लागली. हे तिकडून, "काय झालं? कुणाला लागलं काय?" आणि परत पाण्यात. ह्या खेपेला कमरेपर्यंत. माझा जीव तिथंच गेला.

तेव्हा मला एकच सुचलं. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या आधी कधी जेवले नाही. आमच्या घरात सासूबाईंची तशी शिस्त, आणि नंतर कुणी सांगायला उरलं नाही तरी ती हाताला बसली ती बसलीच. लेक त्यावरून मला सारखी टोचत असते. तर मी तिथंच मांडी घातली, डबा उघडला, भाकरी हातावर घेतली आणि ह्यांना दिसेल असा घास तोंडात घातला. म्हणजे त्यांना कळेल की आता घाई नाही, बसून राहायचंय.

"आई, काय करतेस?" लेक रडकुंडीला आली होती.

"गप. तूही खा."

मेथीची भाजी होती, तिची चव आजही मला नको वाटते. हे पाण्यात उभेच्या उभे माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच मागं सरले, वेलीपाशी गेले आणि बसले. चौकीवरचा माणूस म्हणाला, "आजी, बरोबर केलंत."

थोड्या वेळानं हे आडवे झाले.

ह्यांची गोळी सकाळीच झालेली, नाश्ता नावाला, आणि खायचं सगळं माझ्या मांडीवर. साखर उतरली की ह्यांना घाम फुटतो, मग बोलणं अडखळतं, मग शुद्ध जाते. आम्ही हाका मारल्या, त्या वाऱ्यानं खाल्ल्या. पाणी तर निवांत वाढत होतं. मी फक्त त्यांच्या शर्टाकडं बघत होते. शर्ट हलायचा. पण तो श्वासानं हलतोय का वाऱ्यानं, हे एवढ्या लांबून कसं सांगायचं? लेक म्हणाली, "झोपले असतील." मी म्हटलं, "व्हय, झोपलेच असतील." दोघी एकमेकींकडं न बघता बोलत होतो.

पाणी थांबलं तशी होडी आली. लहान होती. लेक चौकीवरून मागवलेली साखरेची पुडी आणि बिस्किटं घेऊन चढली. मला गुडघ्यामुळं चढता येईना, होडीवाला म्हणाला राहू द्या. पलीकडं ती वाकली, होडीवाला वाकला, मला नुसत्या पाठी दिसत होत्या. मग लेकीनं हात वर केला. त्याचा अर्थ मला लागेना. ह्यांना धरून बसवलेलं दिसलं, तेव्हा लागला.

अलीकडं आणलं तेव्हा अंग थंडगार, घामानं भिजलेलं. घास मी भरवला. दोन घास गेल्यावर जरा हुशारी आली, तसे म्हणाले, "पाण्याला भ्यालो नव्हतो मी. तू जेवायला बसलीस ना, ते बघितलं आणि पायातला जोरच गेला. म्हटलं, ही माझ्या आधी जेवते म्हणजे हिनं आशा सोडली."

"अहो, तुम्ही बसावं म्हणून जेवले मी!"

"बसलोच की," म्हणाले.

आता घरी कुणी पाहुणा आला की हे रंगवून सांगतात. नवरा पाण्यापलीकडं आणि बाई इकडं भाकरी खातेय! सगळे हसतात, मीही हसते. पण हसणाऱ्यांतल्या एकालाही मी अजून विचारलेलं नाही, की बाबा, तिथं तू असतास तर काय केलं असतंस? कारण तो काहीतरी सोपं सांगेल, ही मला भीती आहे.