तोंडातलं वाक्य

शिवणवर्गाच्या काकूंची जीभ कात्रीपेक्षा धारदार. मुली हसत-हसत शिकायच्या, आणि आपल्यासारखी शिकवणारी दुसरी नाही, असं काकूंनाही मनोमन वाटायचं. वर्गाच्या पुढच्या भागात एक काउंटर होता, तिथे काकू गिऱ्हाइकांची शिवणकामं घेत.

वर्गात एक सतरा वर्षांची मुलगी होती. बोलताना अडखळायची. ती थांबली की काकू तिचं वाक्य पुरं करून टाकत. त्यांच्या लेखी ती मदतच होती.

त्या दिवशी ती कॉलर अर्धवट टाकून उठली आणि काकूंच्या टेबलापाशी आली.

"काकू, मला क... क..."

"कंटाळा आला!" काकू म्हणाल्या.

वर्ग खो-खो हसला. मुलगीही हसली आणि जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून तिचं मशीन रिकामं राहिलं.

आठवड्याने तिची आई मापाचा टेप परत द्यायला आली. रागावलेली नव्हती, तेच काकूंना जड गेलं.

"तिला काउंटरवर बसायचं होतं," आई म्हणाली. "गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जीभ सुटेल, असं तिचं म्हणणं. तुम्हाला कसं विचारायचं, ते घरी सारखं घोकत होती."

काकूंना कानकोंडं झालं. मुलगीही हसली होती, हे आठवून तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्या तिच्या घरी गेल्या. दारातच सुरू झाल्या: मी चुकले, मला कळायला हवं होतं, तुझ्या मनाला किती लागलं असेल... बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की आत्ताही आपणच बोलतोय. त्या गप्प झाल्या.

मुलीने बराच वेळ घेतला. काकूंच्या ओठांवर तीन-चार शब्द आले. त्यांनी ते गिळले.

"मला... र-राग नाही आला," ती म्हणाली. "ल-लाज वाटली."

काकूंना मान वर करवेना. "लाज मला वाटायला हवी गं," एवढंच त्या म्हणाल्या.

मुलगी परत आली, काउंटरवर बसली. पहिलंच गिऱ्हाईक पडदे न्यायला आलं. ती "प... प..." करू लागली आणि मागून काकू बोलून गेल्या, "परवा मिळतील."

मुलगी वळली. "काकू, म-मी सांगते."

काकूंचे कान तापले. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि उगीचच एक शिवण उसवत बसल्या. बाहेर मुलगी सावकाश सांगत होती, आणि गिऱ्हाईक थांबून ऐकत होतं.