उजवीकडचा लिंब

विरुपाक्षअण्णा दुकानाची पायरी चढले की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. गिऱ्हाईक म्हणून आले असते तर गोष्ट वेगळी. हे यायचे, स्टुलावर बसायचे आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरायचे. "भारत, हे बघ की. ह्यात कायबी न्हाय, तरी चित्र हाय!"

नव्या पेठेत माझं फ्रेमचं दुकान आहे. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो यांवर ते चालतं. चित्रांचा मला कंटाळा नाही, पण काच कापताना कुणी डोळ्यांपुढं माळरान नाचवलं की डोकं फिरतं.

अण्णांनी चौतीस वर्षं एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढली. बारीक घरांच्या ग्राफवर एकेक घर रंगवायचं. मोर, कमळ, वेलबुट्टी. त्यातही मोर एकच, डावीकडचा. कागदाला आधी मधोमध घडी घालायची, डावीकडून सुरुवात करायची आणि घडीपाशी आलं की खाली नाव घालून ब्रश धुवायचा. समोरासमोरचा दुसरा मोर मागावर आपसूक उतरतो. पुरी चादर अण्णांनी कधी काढलीच नाही, तशी गरजच पडली नाही. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि अण्णा घरी बसले.

पुण्याच्या लेकीनं, श्रीदेवीनं, त्यांना मोबाईल घेऊन दिला. भजनं ऐकतील म्हणून दिला होता, पण त्यांना त्यात सापडले हल्लीचे चित्रकार. एक जण रस्त्याकडेला मांडी घालून पडीक रानं रंगवायचा. बाभळीचं एखादं झाड, विजेचा खांब, एवढंच. एक मुलगी पोरांच्या पुस्तकांसाठी एसटी स्टँड, पाण्याचे टँकर असलं काढायची. अण्णा पार हलून गेले. एकदा म्हणाले, "जन्मभर मोर काढले. पर मोर मी बघितलाच न्हाय रं. आमच्या मास्तरानी काढलेला बघून काढला. आणि ही पोरं बघ, हितलीच माती, समोर बसून काढत्यात."

वयाच्या बासष्टाव्या वर्षी गड्यानं जलरंग घेतले. रोज सकाळी हिप्परग्याच्या तळ्यावर जाऊन बसायला लागले. पहिली चित्रं भिकार होती आणि मी तसं तोंडावर सांगितलं. ते हसले आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

त्याच सुमारास शिवम्माकाकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. अशात अक्कलकोटकडून निरोप आला की त्यांच्या माहेरचं रान नव्या रस्त्यात जाणार. त्या रानात एक लिंब होता. काकू तान्ह्या असताना त्याच्याच फांदीला त्यांची झोळी बांधलेली असायची. एकदा बघून येते, म्हणून त्या हटून बसल्या. डॉक्टर म्हणाले, प्रवास जमणार नाही. तेव्हा अण्णा म्हणाले, "तू पडून ऱ्हा. तुजं रान मीच घिऊन येतो."

आणि गेले. सकाळच्या गाडीनं गेले, दिवसभर उन्हात बसले. फोटो एकसुद्धा काढला नाही. तो पडीक रानवाला चित्रकार सांगायचा म्हणे, मोबाईल खिशात ठेवा, डोळ्यांनी बघा. संध्याकाळी दुकानातून मला ओढतच घरी नेलं. चेहरा असा फुलला होता की मला नाही म्हणवेना.

काकूंच्या खाटेवर त्यांनी गुंडाळी उलगडली. खरं सांगतो, मी वाकून बघायला लागलो. विहीर, तिच्यावरचं मोडकं मोटवण, ज्वारीची धसकटं, बांधावरची वाळकी बोरी. सगळं जिवंत होतं. काकूंचं बोट विहिरीवरून बांधावर आलं, बांधावरून पुढं सरकलं आणि कोऱ्या कागदावर गेलं. "बेविन मर यल्लैति?" त्यांनी कानडीत विचारलं. लिंबाचं झाड कुठंय?

अण्णांनी कागदाकडं बघितलं. मधोमध घडी होती. घडीपाशी खाली बारीक अक्षरात नाव होतं. घडीच्या उजवीकडं काहीच नव्हतं. चौतीस वर्षांच्या सवयीनं हात घडीपाशी थांबला होता, आणि काम पुरं झालं म्हणून माणूस समाधानानं एसटीत बसला होता. त्यांचा चेहरा त्या वेळी मी बघायला नको होता.

"उद्या जातो," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी काकूंना दवाखान्यात ठेवावं लागलं. पंधरा दिवसांनी अण्णा गेले, तर तिथं सपाट मुरूम आणि त्यावर रोलर.

परत आल्यावर स्टुलावर बसून राहिले. मोबाईल खिशातच. मला त्यांची दया आली आणि दया आली की माझी जीभ जास्तच घसरते. मी म्हणालो, "अहो अण्णा, काढा की एक लिंब. लिंब काय, सगळे सारखेच." ते उठले आणि गेले. त्यानंतर सात महिने आले नाहीत. माझं चुकलं हे मला कळत होतं, पण त्यांच्या घराची पायरी चढायचं धाडस झालं नाही. काकू गेल्या तेव्हा मातीला गेलो, तेवढंच.

तेराव्यानंतर आठवड्यानं अण्णा तीच गुंडाळी घेऊन आले. "फ्रेम कर. पुऱ्या कागदाची."

कोरं कापून नीट माउंट करतो, असं म्हणणार होतो, पण या वेळी जीभ चावली. म्हटलं, आपण बोलायचं नाही, काम असं करायचं की माणसाला बरं वाटावं. सागवानी पट्टी निवडली. काच लावण्याआधी पांढरा भाग मी नेहमी साफ करतो. आत डाग राहिला तर जन्मभर दिसतो. उजवीकडं बोटाएवढे राखाडी ठिपके होते, बरेच. अर्धा तास बसून मऊ खोडरबरानं एकेक काढला. कागद दुधासारखा झाला.

अण्णांनी फ्रेम हातात घेतली, उजेडाकडं धरली, जवळ नेली, परत लांब धरली. "भारत, हितं डाग हुते."

"काढले की सगळे," मी म्हणालो. छाती थोडी फुगवूनच म्हणालो.

त्यांनी फ्रेम टेबलावर उताणी ठेवली. मग सावकाश म्हणाले, "सकाळी इभूत लावून झाली की ती कागद मागायची. हितं बुंधा, हितं फांदी, हितं झोळी, असं राखंचं बोट ठिवून दावायची. मी पेन्सिल घेतली की म्हनायची, नगा काढू. तुमचा चुकला तर मला मग त्योच दिसंल."

खोडरबर अजून माझ्यापुढं टेबलावरच होतं.

"तुजी काय चूक," अण्णा म्हणाले. "हाताला सवय हाय."

फ्रेम त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळली आणि घेऊन गेले. टेबलावरचा खोडरबराचा भुगा मी दोन दिवस झाडला नाही. तिसऱ्या दिवशी पंख्यानं उडाला.