रशीदने बसवलेली फळी

रशीद गेल्याचं मला टिंबर मार्केटमधल्या प्लायवाल्याकडून कळलं. दुकानाच्या माळ्यासाठी मी प्लाय बघत होतो, भाव पाडत होतो, आणि तो वैतागून म्हणाला, "शेठ, तुमची घासाघीस रशीदभाईंनाच झेपायची. ते गेले आणि तुम्ही आमच्या वाट्याला आलात." "कुठं गेले?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हातातली टेप हळूच मिटली... वीस दिवस झाले होते. दफन झालं होतं, माणसं भेटून गेली होती. तीस वर्षांपासूनचा माझा मित्र, आणि मला कुणी एक फोन केला नाही. आधी राग आला, दुःख नंतर. माझं सगळं याच क्रमाने होतं.

आम्ही दोघं विशीत असताना भवानी पेठेत भेटलो. मी फरशांच्या दुकानात हमाली करायचो, तो शेजारच्या कारखान्यात कपाटं बनवायचा. पुढे मी स्वतःचं दुकान काढलं, त्याने नाना पेठेतल्या एका गाळ्यात सुतारकाम सुरू केलं. माझ्या दुकानातलं एकूण एक शेल्फ त्याच्या हातचं. रविवारी सकाळी मी त्याच्या गाळ्यावर जायचो. तो रंधा मारायचा आणि मी स्टुलावर बसून बिल्डर, महापालिका, जावई, सगळ्यांना शिव्या द्यायचो. मध्येच तो मान वर न करता म्हणायचा, "सुभाष, चहा गार झालाय. आता त्याला दे दोन शिव्या."

फरशांचे नमुने घेऊन मी साइटवर स्वतः जातो. वाघोली, लोणी काळभोर, जिथं इमारत उठतेय तिथं. कंपनीने गाडीच्या डिक्कीत दाबलेल्या पुठ्ठ्याचा तळ दिलेला असतो, त्यावर भाजीची पिशवी ठेवावी एवढंच. माझ्या खोक्यांनी तो मधोमध खचला आणि खालच्या स्टेपनीवर जाऊन बसला. मी गाडी रशीदच्या दारात लावली आणि म्हणालो, "जाड प्लाय कापून चार स्क्रू मारून दे." त्याने आत डोकं घातलं, बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाला, "पत्र्याला एकही भोक पाडणार नाही. भोक पडलं की पाणी शिरणार, पाणी शिरलं की गंज. फळी आपोआप बसली पाहिजे." दोन दिवस तो त्या डिक्कीत ओणवा होता. चाकांवरच्या फुगवट्यांची गोलाई त्याने आधी पुठ्ठ्यावर उतरवली, मग अठरा मिलिमीटरच्या प्लायवर. खाली लाकडाच्या पट्ट्या अशा लावल्या की वजन दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर जावं, स्टेपनीला काही लागू नये. फळी बसवायची, कान लावून दाबायची, काढायची, कड किंचित तासायची, परत बसवायची. असं किती वेळा केलं, त्याचं त्यालाच माहीत. शेवटी बसली तेव्हा कडेला पोस्टकार्ड शिरलं नसतं.

धंद्यात मी एक गोष्ट पहिल्यांदा शिकलो. माल आवडला तर तोंड वाकडं करायचं. तेव्हा गाळ्यात त्याची दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी फळीवर टिचकी मारली आणि म्हणालो, "ठीक आहे. डावीकडे जरा कच्ची वाटते. कुरकुरेल." वास्तविक त्याने भाव सांगितलाच नव्हता. सांगणारही नव्हता. नसलेला भाव मी पाडत होतो, सवयीने... त्याने हात पुसले. गिऱ्हाइकांपैकी एकजण हसला, तेही मला दिसलं. "कुरकुरली तर घेऊन या, शेठ," रशीद म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने मला शेठ म्हटलं नव्हतं. तिथंच हसून पाठीवर थाप मारली असती तर संपलं असतं. पण माझंही डोकं तापलं. म्हणालो, "घेऊन येणारच. मी माल पारखून घेतो." आणि गाडी काढली.

पुढचा रविवार मी गेलो नाही. त्याचाही फोन आला नाही. नुसतं जाऊन उभं राहणं मला जमत नाही, हातात काहीतरी मुद्दा लागतो. फळी कुरकुरली असती तर मुद्दा मिळाला असता. म्हणून मी वाट बघू लागलो. गाडीतला रेडिओ बंद केला. स्पीडब्रेकर आला की कान मागे लागायचे. सोलापूर रस्त्याच्या खड्ड्यांतून मुद्दाम चाकं घातली. दोन खोक्यांच्या जागी पाच ठेवली, मग ग्रॅनाइटचे तुकडे. मागची चाकं दबली, इंजिन धापा टाकू लागलं, पण फळीचा आवाज म्हणून आला नाही. अशी दोन वर्षं गेली. माझे रविवार दुकानातच जाऊ लागले, शटर अर्धं खाली ओढून.

बातमी कळल्यावर मी त्याच्या घरी गेलो. शमीमभाभींनी दार उघडलं. बसायच्या आधीच मी म्हणालो, "भाभी, तुम्ही मला एक फोन तरी करायचा होता."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही येत नाही आहात."

"मी कशाला येणार नाही?"

"ते मला काय माहीत, भाऊ. तुम्ही दोघं जाणे." त्यांनी पाणी आणून ठेवलं. "ते दवाखान्यात असताना मी दोनदा म्हटलं, सुभाषभाऊंना कळवते. म्हणाले, राहू दे. तो तक्रार असली की येतो. आला नाही म्हणजे फळी चांगली बसलीय."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फळी चांगली बसलीय, हे मी सांगायचं होतं. ते त्याने माझ्या न येण्यावरून ताडून घेतलं, आणि तेवढ्यावर भागवलं. आणि तरीही, खरं लिहायचं तर, माझा राग गेलेला नाही. मी असा आहे हे तीस वर्षं ठाऊक असलेल्या माणसाने एकदा तरी फोन करून विचारायला हवं होतं, कुरकुरते का रे? मी खोटं बोललो असतो. हो म्हणालो असतो, आणि पंधरा मिनिटांत गाडी त्याच्या दारात लावली असती.

परवा वाघोलीच्या एका साइटवर खोकी उतरवत होतो. तिथला सुपरवायझर, सोलापूरकडचा माणूस, रिकाम्या डिक्कीपाशी थांबला. त्याने फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला, वाकून खाली बघितलं. "कंपनीची नाय ही."

"नाही."

"स्क्रू कुठं हायेत?"

"एकही नाही. डिक्कीच्या मापाने तासून बसवलीय. दोन वर्षं झाली, रोज दगड वाहतेय, अजून आवाज नाही." मी बोलतच राहिलो. पट्ट्या दाखवल्या, वजन कुठून कुठं जातं ते सांगितलं, गोलाई कशी उतरवली ते सांगितलं. एवढं चांगलं काम मी पुण्यात दुसरं पाहिलेलं नाही, असंही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या मालाबद्दल असं बोलत होतो. सुपरवायझर खिशातून फोन काढून उभा राहिला.

"मलाबी करून घ्यायचीय, शेठ. नंबर द्या की त्यांचा."

"ते आता काम घेत नाहीत," मी म्हणालो.

"मग दुसरं कुणी सांगा."

दुसरं कुणी माझ्या ओळखीचं नाही, असं सांगून मी उरलेली खोकी उतरवायला लागलो.