कप्तानाचं नाक

लढाईच्या काळात आमचा काका पाणबुडीवर आचारी होता. त्याला दोनच गोष्टी मनापासून जमायच्या, मटारचं सूप आणि घोरणं. सूप एकवेळ खपून जाई.

शत्रूचं जहाज डोक्यावर आलं की पाणबुडीत सगळं चिडीचूप. इंजिन बंद, पंखे बंद, बूट काढून मोज्यांवर चालायचं, कारण वरचे लोक पाण्यात कान लावून बसलेले. शिवाय हवा पुरली पाहिजे, म्हणून ज्याला काम नाही त्याने निमूट आडवं व्हायचं. आचाऱ्याला तेव्हा भांडं वाजवायचीही चोरी. काका आडवा व्हायचा, आणि झालीच करवत सुरू!

पहिल्यांदा नशिबाने वाचले सगळे. कप्तानाने काकाला उभं केलं. "पुन्हा घोरलात तर बंदरावर उतरवीन. तिथल्या भटारखान्यात कांदे सोलत बसा. काय समजलात?"

तो भटारखाना चालवायचे काकाचे सासरे. "आमच्या वेळी पळी अशी धरत नसत हो, जावईबापू!" हे घरी ऐकायचं ते ऐकायचंच, वर आता दिवसभर कामावरही? त्यापेक्षा शत्रू परवडला.

पुढच्या वेळी जहाज आलं तेव्हा काकाने पाठीखाली कच्चे बटाटे ठेवले आणि डोळे ताणून पडून राहिला. थोड्या वेळाने घोरणं सुरू झालं. सगळ्यांनी काकाकडे असं पाहिलं की बटाट्यांनाही लाज वाटावी. काकाने दोन्ही हातांनी आपले उघडे डोळे दाखवले.

आवाज कप्तानाच्या पडद्यामागून येत होता.

पाण्यातले आवाज ऐकायला बसवलेला खलाशी, त्याला सगळे कानसेन म्हणत, त्याने बोट वर केलं. जहाज थांबलं होतं. ऐकत होतं.

काकाने दुय्यम अधिकाऱ्याला खूण केली, उठवा ना! दुय्यम साहेबांनी मान हलवली. परवानगीशिवाय कप्तानाला हात लावायचा नाही, असा नियम. परवानगी मागायची तर बोलावं लागणार. बोलायला तर बंदी. साहेब नियमात चारी बाजूंनी अडकले आणि छताकडे बघत राहिले.

काका मोज्यांवर गेला. काकू रोज त्याचं करायची तेच त्याने केलं. कप्तानाचं नाक चिमटीत धरलं, खांद्याला ढोसलं आणि सवयीने कानात कुजबुजला, "अहो, कुशीवर!"

"हो गं," म्हणत कप्तान वळला.

मग त्याचे डोळे उघडले. नाक अजून काकाच्या चिमटीत. त्याला ओरडता येईना, काकाला नाक सोडता येईना. कप्तान लाल झाला, जांभळा झाला, पुन्हा लाल झाला. शेवटी कानसेनाने अंगठा वर केला. जहाज गेलं.

"आचारी! माझं नाक धरलंत?"

"धरलं, साहेब. आपण घोरत होतात."

"मी? मी घोरत नाही! घोरता तुम्ही! गोळा करा तुमचं सामान!"

काकाला डोळ्यांसमोर सासऱ्यांची पळी दिसायला लागली. त्याने आशेने सगळ्यांकडे पाहिलं. आता बोलायला मोकळीक होती, आणि एवढी शांतता तर जहाज डोक्यावर असतानाही नव्हती.

काका बिछान्याकडे वळला आणि पिशवीत बटाटे भरायला लागला.

"थांबा," कप्तान म्हणाला. आवाज एकदम उतरलेला. "मी... काय म्हणालो झोपेत?"

"'हो गं' म्हणालात, साहेब."

कप्तानाने नाक चोळलं. "आमची हीसुद्धा असलेच आरोप करते." बराच वेळ घसा खाकरून झाला. "यापुढे मी आडवा झालो की तुम्ही माझ्या उशाशी बसायचं. काय समजलात?"

"म्हणजे मी बंदरावर उतरायचं नाही ना, साहेब?"

"अहो, तुम्ही उतरलात तर माझं नाक कोण धरणार?" कप्तानाने सगळ्यांवरून नजर फिरवली. दुय्यम साहेब घाईघाईने बूट शोधायला निघून गेले.